शेवळं, कारवी आणि जवळून काढलेला फोटो



जूनमधला पहिला मोठा पाऊस पडून गेला, की चार दिवसांत आमच्या बचत गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायला लागतात. यंदाही आला. डोळखांबजवळच्या एका पाड्यावर नव्यानं नांदायला आलेल्या सुनेनं पाठवलेला. उभ्यानं, वरून काढलेला, जरासा हललेला. ओला पालापाचोळा आणि त्यातून वर आलेलं जांभळट, टोकदार काहीतरी. खाली प्रश्न : "ही शेवळंच ना? काढू का?"

गटात सगळ्यांत वयस्कर आजी आहेत. त्यांना लिहिता येत नाही, पण नातवाच्या फोनवर बोलून निरोप पाठवतात. त्यांचा निरोप आला : "बाय, मला वरून काय दाखवतेस? बुडाशी दाखव. आणि फोटोला काय खाज सुटत नाय, मग मी कशी सांगू?"

आम्ही सगळ्या हसलो. पण त्या दोन वाक्यांत आजींनी असं काही सांगितलं होतं, की मी नंतर बरेच दिवस त्याचा विचार करत होते. झाडाचा, फुलाचा, कोंबाचा जवळून फोटो काढायचा म्हणजे नक्की काय दाखवायचं? हे काम माणसांनी कधी सुरू केलं, कोणत्या साधनांनी केलं? आणि फोटो काढताना शेजारी उभ्या असलेल्या बाईचं, जिला ते झाड माहीत होतं तिचं, पुढं काय झालं? आज मी हा इतिहास सांगणार आहे.

त्यासाठी शेवळाच्या जोडीला मला आणखी एक झाड लागेल. शेवळं दर वर्षी येतं. यंदा फोटो चुकला तर पुढच्या जूनमध्ये काढू. कारवीचं तसं नाही. आजोबाच्या डोंगराच्या उतारावर, माळशेजच्या कड्यांखाली दाट माजलेली कारवी आपण रोज बघतो, तिच्या काठ्यांचे कूड बांधतो, वरून शेणमातीनं लिंपतो. पण तिचं फूल? लोक म्हणतात सात वर्षांनी. खरा हिशेब असा, की सात वर्षं नुसता पाला आणि आठव्या वर्षी बहर. मग बी धरून झाड वाळतं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कारवी २००८ साली फुलली, मग २०१६ साली, मग २०२४ साली. त्याच हिशेबानं मागं गेलं तर २०००. प्रत्येक डोंगराचं साल थोडं मागंपुढं असू शकतं, पण मला हे चार बहर सोयीचे वाटतात. कारण या प्रत्येक बहराच्या वेळी माणसाच्या हातातला कॅमेरा वेगळा होता.

त्याआधी थोडं मागं जाऊ. कॅमेरा नव्हता तेव्हा झाड दाखवायचं कसं? एक तर ते वाळवून कागदावर चिकटवायचं, नाहीतर त्याचं चित्र काढायचं. पुण्याजवळ दापोडीला, ज्याला इंग्रज दापुरी म्हणत, सरकारी वनस्पती उद्यान होतं. त्याचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन पुढं मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. त्यांनी १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराकडून तिथल्या झाडांची दीडशेहून जास्त रंगीत चित्रं काढून घेतली. पानाची शीर न् शीर, फुलाच्या आतले केसर, कापलेलं फळ, सगळं बारकाईनं. ती चित्रं आज स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत आणि २००२ साली त्यांवर मोठं पुस्तकही निघालं. चित्रकार इथलाच, पोर्तुगीज-भारतीय होता एवढंच त्यात कळतं. गिब्सनसाहेबांचं नाव पुस्तकावर आहे, ज्याच्या हातानं ती चित्रं झाली त्याचं नाव कुठं नोंदलेलंच नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं पुन्हा येणार आहे.

त्याच दशकात तिकडं इंग्लंडमध्ये एका बाईनं कॅमेऱ्याशिवाय फोटो काढले. तिचं नाव अ‍ॅना अ‍ॅटकिन्स. समुद्रातलं शेवाळ इतकं बारीक, की हातानं चित्र काढणं तिला जमेना. तेव्हा तिनं रसायन लावलेल्या कागदावर ते शेवाळच ठेवलं, वर काच दाबली आणि उन्हात ठेवून दिलं. ऊन लागलं तिथं कागद निळा झाला, शेवाळाखाली पांढरा राहिला. घराच्या नकाशाची जुनी निळी प्रत तुम्ही पाहिली असेल, तीच ही रीत. १८४३ सालच्या ऑक्टोबरात तिनं त्या पुस्तकाचा पहिला भाग काढला आणि पुढं दहा वर्षं हे काम चालू ठेवलं. फोटोंनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून आज ते ओळखलं जातं. आणि बघा, त्यातलं प्रत्येक शेवाळ आहे तेवढ्याच मापाचं. जवळच्या फोटोत 'एकास एक' हे माप फार मोठं मानतात. या बाईनं ते भिंगाशिवायच साधलं होतं.

आपल्याकडे १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी त्या सुरुवातीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी. पण तेव्हाचा फोटो म्हणजे काचेच्या ओल्या पट्टीवर. पट्टी वाळायच्या आत सगळं उरकायचं आणि फोटोपुरतं कित्येक सेकंद समोरच्यानं हलायचं नाही. माणसाला दटावून बसवता येतं, वाऱ्यातल्या फुलाला कोण दटावणार? म्हणून त्या काळात फोटो निघाले ते इमारतींचे आणि माणसांचे. विल्यम जॉन्सननं १८६३ आणि १८६६ साली मुंबईच्या रहिवाशांचे फोटो दोन खंडांत छापले, मग सरकारनं 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले. त्यांत माणसं जातीच्या नावाखाली उभी केलेली आहेत, नमुना म्हणून. झाडाचा नमुना आणि माणसाचा नमुना यांत फार फरक केलेला नाही.

झाडांसाठी मात्र शब्दच राहिले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिला. अजूनही अभ्यासक तो उघडतात. वर्णन सगळं शब्दांत, पान किती इंच, देठ किती, लव कुठं. त्यात झाडांची गावठी नावंही दिलेली आहेत. ही नावं कुणी सांगितली? डोंगरात राहणाऱ्या माणसांनी, आणखी कोण सांगणार? पुढं १९४४ साली ब्रेमेकँप या डच शास्त्रज्ञानं कारवीला स्वतंत्र वंश द्यायचं ठरवलं, तेव्हा त्याचं लॅटिन नाव ठेवलं 'कार्व्हिया'. आपल्या कारवीवरून. म्हणजे आपल्या तोंडचा शब्द पुस्तकात गेला, पण सांगणारीचं नाव नाही गेलं.

आता रोलच्या कॅमेऱ्याकडे येऊ. तुमच्यापैकी काहींच्या माहेरी 'क्लिक थ्री' असेल. बारा फोटोंचा रोल. लग्न, बारसं, शाळेची सहल. त्या कॅमेऱ्यानं फुलाचा फोटो काढायला जवळ गेलात, तर हाती धुकं यायचं. साध्या कॅमेऱ्याचं भिंग लांबचं बघायला बसवलेलं असतं, एक-दोन मीटरच्या आतलं त्याला स्पष्ट दिसत नाही. शिवाय बघायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं. लांबून फरक पडत नाही, पण जवळ गेल्यावर खिडकीतून फूल मधोमध दिसतं आणि फोटोत अर्धं कापलं जातं.

म्हणून जवळच्या फोटोसाठी भिंगातूनच बघता येईल असा महागडा कॅमेरा लागायचा. त्यात पस्तीस मिलिमीटरचा रोल, एका रोलवर छत्तीस फोटो. एका फोटोची चौकट काडेपेटीच्या निम्मी. त्या चौकटीवर कारवीचं फूल आहे तेवढं उतरवायचं, तर भिंग फिल्मपासून दुप्पट लांब न्यावं लागतं. त्यासाठी मधे नळ्या बसवत, नाहीतर लोहाराच्या भात्यासारखा घडीचा भाता लावत. काही जण भिंग काढून उलटं धरत, तेही चालायचं. पण भिंग लांब गेलं की उजेड कमी पोचतो, एकास एक मापाला तर फक्त चौथाई उजेड राहतो. आणि आपल्याकडे फुलं कधी येतात? भर पावसाळ्यात, ढगाखाली, झाडीच्या अंधारात.

दुसरी अडचण याहून मोठी. इतक्या जवळ गेल्यावर स्पष्ट दिसणारा पट्टा फार अरुंद होतो. भिंगाचं छिद्र बारीक केलं तरी जेमतेम दोन मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढा. केसर स्पष्ट केले तर पाकळी धूसर, पाकळी धरली तर देठ गेला. छिद्र बारीक केलं की उजेड अजून कमी, म्हणून फोटोला वेळ जास्त, आणि तेवढ्यात वारा. पावसाळी वारा आणि फुलाचा फोटो यांचं वैर फार जुनं.

इथं एक गंमत सांगते. जवळच्या फोटोसाठी नावाजलेलं निकॉन कंपनीचं मायक्रो भिंग १९५६ साली निघालं ते काही फुलांसाठी नाही. जपानी लिपीतली अक्षरं फार गुंतागुंतीची. ग्रंथ लहान फिल्मवर उतरवताना त्यांच्या रेघा एकमेकींत मिसळायच्या. म्हणून हे भिंग घडवलं गेलं. आपल्या 'क्ष' आणि 'ज्ञ'ला जो त्रास देते ती बारीक छपाई आठवा, म्हणजे कळेल. फुलवाल्यांना ते नंतर सापडलं.

आणि रंग. फिल्मला आपल्या डोळ्याला जेमतेम दिसणारा गडद तांबडा उजेडही दिसायचा. काही निळीजांभळी फुलं तो उजेड भरपूर परतवतात. डोंगरावर निळं पाहिलेलं फूल धुवून आल्यावर गुलाबी निघायचं. फोटो काढणारा म्हणायचा स्टुडिओवाल्यानं बिघडवलं, स्टुडिओवाला म्हणायचा रोल जुना होता. चूक दोघांचीही नसायची.

तर पहिला बहर, २००० सालचा. रोलचा शेवटचा मोठा काळ. त्याच सुमारास, २००१ साली, पुण्याचे अभियंते श्रीकांत इंगळहळीकर यांचं 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' आलं. खिशात मावेल अशा त्या पुस्तकात उत्तर सह्याद्रीतली पाचशे फुलं. पाचशे फुलांसाठी किती पावसाळे, किती रोल आणि किती फुकट गेलेले फोटो, याचा अंदाज मी आत्ता सांगितलेल्या अडचणींवरून तुम्हीच करा. कुकच्या जाड ग्रंथातल्या शब्दांना आता चेहरा मिळाला. वनस्पतिशास्त्र न शिकलेल्या बाईलाही पान उलटून "हे आपलं" म्हणता येऊ लागलं.

रोलच्या काळाबद्दल माझं एक मत आहे. त्या काळात फोटो काढायला आलेल्या माणसाला विचारावंच लागायचं. छत्तीस फोटो, प्रत्येकाला पैसे, चुकला की कळणार पंधरा दिवसांनी, मुंबईहून धुवून आल्यावर. तोवर फूल गळून गेलेलं. मग तो आधी विचारायचा : हे कधी उमलतं, सकाळी का दुपारी? कुठल्या बाजूच्या ओढ्याला जास्त आहे? याच्यासारखं दिसणारं दुसरं काही आहे का? आणि विचारायचा कुणाला, तर गुरं घेऊन निघालेल्या मुलाला, मोळी घेऊन उतरणाऱ्या बाईला. फोटो एकच निघायचा, पण त्यामागं तासभर बोलणं झालेलं असायचं. ते बोलणं कुठं छापलं गेलं नाही, हे खरं. तरी ते व्हायचं.

डिजिटल कॅमेऱ्याचा जन्म मात्र बराच आधीचा. १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्यानं पहिला बनवला. फोटो दहा हजार ठिपक्यांचा, काळापांढरा, आणि तो साठवायचा गाण्याच्या कॅसेटवर. एक फोटो कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद. म्हणजे पुन्हा ओल्या काचेच्या काळासारखंच. त्यातून फुलाचा फोटो निघण्याजोगं काही यायला पंचवीस वर्षं गेली. १९९९ साली निकॉनचा कूलपिक्स ९५० आला आणि तो फुलापासून दोन सेंटिमीटरवर नेला तरी स्पष्ट फोटो काढायचा. त्याच्या आतला उजेड टिपणारा तुकडा नखापेक्षाही लहान. त्या लहानपणाचा फायदा असा, की स्पष्ट दिसणारा पट्टा रुंद होतो. रोलवाल्याला तांदळाच्या दाण्याएवढं मिळायचं, तिथं याला पाकळी आणि केसर दोन्ही मिळायचे. शिवाय हा कॅमेरा मधे वळायचा. भिंग जमिनीलगत ठेवून पडद्यात वरून बघता यायचं. हे सांगताना पुरुष अभ्यासक तांत्रिक गोष्टी सांगतात, मला मात्र वेगळंच दिसतं : साडी नेसलेल्या बाईला आता चिखलात पालथं पडावं लागणार नव्हतं.

२००८ च्या बहराला डोंगरावर असे कॅमेरे दिसू लागले होते. फोटो लगेच दिसतो. हलला तर पुन्हा काढायचा, दहा वेळा, शंभर वेळा. उजेड कमी असेल तर कॅमेऱ्याची नजर तिखट करायची, रोल बदलायला नको. फोटोबरोबर तारीख आणि वेळ आपोआप लिहिली जाते. रोलच्या काळात ते वहीत लिहावं लागे आणि वही भिजे. पुढच्याच वर्षी, २००९ साली, कोडॅकनं आपली नामवंत कोडाक्रोम फिल्म बनवणं थांबवलं. ती धुणारी जगातली शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेत कॅन्सस राज्यात होती. तिनंही २०१० च्या डिसेंबरात ते काम बंद केलं. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल स्टीव्ह मॅककरी या छायाचित्रकाराला दिला होता. त्या छत्तिसातले काही फोटो त्यानं राजस्थानात आणि आपल्या मुंबईत येऊन काढले.

मग २०१६. कारवी फुलली ती पावसाळ्याच्या शेवटी, आणि त्याच सप्टेंबरात जिओ सुरू झालं. मोबाईलवरून फोटो पाठवायचा खर्च जवळजवळ संपला. ज्या बाईला आजवर कुणीतरी येऊन विचारायचं, तिच्याच हातात कॅमेरा आला. हे मी फार मोठं मानते. गिब्सनसाहेबांच्या चित्रकाराला हे मिळालं नव्हतं.

पण त्याच वेळी दुसरंही झालं. फोटो फुकट झाला आणि विचारणं थांबलं. पावसाळ्यात शनिवार-रविवारी गाड्या येतात, माणसं उतरतात, फूल दिसलं की खटाखट फोटो, आणि पुढं. नाव विचारायची गरज नाही, मोबाईलच सांगतो. फोटो दाखवला की झाडाचं नाव सांगणारी अ‍ॅप आहेत, वाईट नाहीत, मीही वापरते. पण ते दिसण्यावरून दिसण्याशी जुळवतं. त्याला वास येत नाही, खाज सुटत नाही, कोंब मोडल्यावर चीक आला का हे कळत नाही.

इथं आजींचं पहिलं वाक्य आठवा, "बुडाशी दाखव." यात जिवाचा प्रश्न आहे. अळंबीचं उदाहरण घ्या. वारुळावर उगवणाऱ्या खायच्या अळंबीचा देठ मुळासारखा खोल जमिनीत गेलेला असतो. विषारी अळंबीच्या काही जातींना बुडाशी पिशवीसारखी वाटी असते आणि ती मातीत दडलेली राहते. वरून काढलेल्या फोटोत दोन्ही पांढऱ्या छत्र्याच. छत्रीखालच्या पट्ट्या दिसत नाहीत, देठावरचं कडं दिसत नाही, बूड दिसत नाही. आणि या विषाचा त्रास सहा ते चोवीस तासांनी सुरू होतो. रात्री खाल्लं, सकाळी काही झालं नाही, म्हणून ते चांगलं होतं असं धरून चालणं म्हणजे जिवावरचा धोका. उलटी-जुलाब सुरू झाले तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठा आणि उरलेली अळंबी बरोबर न्या. कळलावीच्या कंदाचं विषही असंच जीवघेणं. मातीनं माखलेल्या कंदाच्या फोटोवरून तो कुठला हे मी तरी सांगणार नाही, आणि कुणी सांगितलं तर ऐकू नका.

मोबाईल आणखी एक खोडी करतो. तो फोटो सुधारतो. हिरवा जास्त हिरवा करतो, सावली उजळतो, बारीक लव पुसून गुळगुळीत करतो, जशी चेहऱ्यावरची मुरमं पुसतो. गडद जांभळ्या आणि लाल फुलात तर रंगाचा नुसता गोळा होतो, आतल्या रेषा दिसेनाशा होतात. फिल्म निळ्याला गुलाबी करायची, मोबाईल जांभळ्याचा गोळा करतो. खोटं दोघंही बोलतात. फक्त मोबाईलचं खोटं सुंदर दिसतं, म्हणून पटकन पटतं.

स्वस्त मोबाईलला मागं तीन-चार भिंगं असतात, त्यांतलं एक 'मॅक्रो' म्हणून मिरवतं. त्याच्या नादी लागू नका. बहुतेक वेळा ते दोन मेगापिक्सेलचं, अगदी किरकोळ असतं. त्यापेक्षा मुख्य कॅमेऱ्यानं वीतभर अंतरावरून काढा आणि मग हवा तेवढा भाग कापून घ्या, फोटो जास्त स्वच्छ येतो. फ्लॅश बंद. अंधार असेल तर पांढरा रुमाल धरून उजेड परतवा, रोलवालेही हेच करत.

आता २०२४ चा बहर. तोवर मी स्वतः पाच-सहा पावसाळ्यांचे रानभाज्यांचे फोटो जमवले होते. सगळे एका फोनमध्ये. लावणीच्या दिवसांत तो फोन कमरेवरून सुटून खाचरात पडला. तांदळात ठेवला, दुकानात नेला, काही उपयोग झाला नाही. त्यात लोताच्या पानांचे, भारंगीच्या फुलांचे फोटो होते आणि एका म्हाताऱ्या मावशीचे होते. ती आता नाही. दापोडीची चित्रं पावणेदोनशे वर्षं टिकली, जुन्या स्लाइडा आजही उन्हाकडे धरून बघता येतात, आणि माझे फोटो एका खाचरात बुडाले. तेव्हापासून मी वर्षातून एकदा शहापूरला जाऊन निवडक पन्नास फोटोंच्या कागदावर प्रती काढते. मागं पेन्सिलीनं लिहिते : झाडाचं नाव, जागा, तारीख आणि सांगणारीचं नाव.

हे शेवटचं का, ते सांगते. २०२१ साली ठाणे परिसरातल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याला 'आयसियस तुकारामी' असं शास्त्रीय नाव मिळालं, २६/११ ला शहीद झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. काही मिलिमीटरचा जीव, त्याचं वर्णन जवळच्या फोटोंशिवाय पुरं होत नाही. मला ते वाचून बरं वाटलं. ज्याचं नाव राहायला हवं त्याचं राहिलं. मग रानभाजीच्या फोटोखाली भाजी ओळखणाऱ्या बाईचं का राहू नये?

त्यासाठी जागाही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. अशा नोंदवह्यांची कल्पना माधव गाडगीळ यांनी १९९० च्या दशकात लावून धरली होती. गावातल्या झाडा-प्राण्यांबरोबर जाणकार माणसांचीही नोंद त्यात करता येते. बऱ्याच ठिकाणी ही वही मुदत गाठायला घाईघाईनं भरली गेली, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. तुमच्या ग्रामपंचायतीत जाऊन ती बघायला मागा. शेवळं, काकड, कवळा, कुडा त्यात आहेत का बघा. असतील तर सांगणारी कोण म्हणून लिहिलंय ते बघा. जे औषध तुमच्या घरचं आहे आणि सांगायचं नाही, ते नका सांगू, तोही तुमचा हक्क. पण जे सगळ्यांचं आहे त्याखाली तुमचं नाव असू दे, आणि जवळून काढलेला नीट फोटो.

नीट म्हणजे कसा, हे आम्हाला आजींनीच शिकवलं. त्या नव्या सुनेला त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः रानात नेलं. आधी लांबून अख्खं शेवळं. मग बूड, माती बाजूला करून. मग मोडलेला तुकडा. शेजारी काकडाचं फळ, कारण त्याच्याशिवाय शेवळाची खाज जात नाही. आणि मापाला काडेपेटी ठेवायला निघालेल्या सुनेला थांबवून त्यांनी स्वतःचा हात ठेवला.

घरी आल्यावर सुनेनं तो मोडलेल्या शेवळाचा फोटो दोन बोटांनी मोठा केला. आतला पिवळा भाग, जो टाकून द्यायचा असतो, तो कुठं संपतो आणि भाजीचा भाग कुठं सुरू होतो, ती रेघ फोनच्या पडद्यावर बोटभर जाड दिसत होती. आजींनी फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, आणि म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत नुसत्या हातानं कापत आले. ही बघ, इथं सुरी लाव."